अर्धी गाठ

व्यायामाच्या मशीनच्या पायथ्याशी निळ्या बालदीत कुंभ्याच्या झाडाची साल भिजत घातलीय. आज दुसरा दिवस. पाणी तांबूस झालंय आणि घरभर वास सुटलाय, तुरट, ओल्या गोणपाटासारखा. आमच्या गोव्यात, पेडण्याकडे, हा वास आला की कॅलेंडर बघावं लागत नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, चार दिवसांवर आली.

बाहेरचे पाहुणे चवथीला आमच्याकडे आले की आधी वर बघतात, मग गणपतीकडे. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगलेली असते आणि तिला फळं, पानं, शेंगा, रानातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते सगळं लोंबत असतं. ती माटोळी. नारळाची अख्खी पेंड, म्हणजे एकाच देठावरचे सगळे नारळ, असते, सुपारीचा घोस असतो, केळ्यांचा घड असतो, आणि ज्यांची नावं शहरातल्या माणसांनी ऐकलेलीही नसतात अशी रानफळं असतात. हे सगळं बांधायचं ते कुंभ्याच्या सालीच्या दोरानं. सुतळी चालत नाही, प्लास्टिक तर नाहीच. आणि आमच्या घरात बांधायचं ते थोरल्यानं. हा नियम कुणी केला माहीत नाही. आजोबांनी बांधली, मग वडिलांनी, मग भाईनं. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. या वर्षी थोरला मी आहे. बावन्न वर्षं धाकटा राहून मी एका दिवसात थोरला झालो आणि अजून मला ते जमलेलं नाही.

बालदी मशीनपाशीच का ठेवली, असं सुलभेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सकाळी विचारलं. मी म्हटलं, तिथं जागा होती. तिनं पुढं काही विचारलं नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे तिला कळतं.

हे मशीन मी तीन वर्षांपूर्वी आणलं. पेडण्याच्या कचेरीत खुर्चीवर बसून बसून माझं पोट टेबलाच्या खणात अडकायला लागलं होतं. रक्तातली साखरही वाढली होती. डॉक्टर म्हणाले, वजनं उचला, स्नायू कमवा. चालायला जा म्हणाले असते तर मी हायवेच्या कडेनं धारगळपर्यंत जाऊन मिरची भजी खाऊन आलो असतो, हे त्यांनी बहुधा ओळखलं असावं. मग मोबाइलवर एक जाहिरात दिसली. दंड फुगवलेला माणूस एका कपाटाएवढ्या जागेत उभा राहून छाती, पाठ, खांदे, मांड्या, सगळं एकाच यंत्रावर करत होता आणि वर हसत होता. कोपऱ्यात मावणारी संपूर्ण व्यायामशाळा. मला ते हसणं आवडलं. व्यायाम करताना हसणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

ते तीन खोक्यांतून आलं. जोडायला मी संभाजीला बोलावलं. हा गडहिंग्लजकडचा, जवळच्या कारखान्यात फिटर. त्यानं खोकी फोडली, पसारा मांडला, कागदावरची चित्रं उलटीसुलटी करून पाहिली.

"सायेब, ह्यात किती परकारचा व्यायाम हुतोय म्हनं?"

"चाळीस."

"आमच्या तालमीत चाळीस गडी मिळून एकच करत्यात. मातीत पडायचा."

दोन तासांत त्यानं सांगाडा उभा केला. दोन उभे खांब, वर आडवी दांडी, मागे एकावर एक रचलेल्या लोखंडी विटा, त्यांत खुपसायची एक खीळ, वर कप्पी आणि कप्पीवरून येणारी तार. समोर एक बाकडं, ते सुटंही करता यायचं. बाकड्याच्या पोटाला एक स्टिकर होता. संभाजीनं तो बोट ठेवून वाचला आणि मला बजावलं, "एका टायमाला एकच मानूस हां. दोघं बसायचं न्हाई."

भाई तेव्हा जनेलाशी कदेलीवर, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर, बसून हे सगळं बघत होता. तो साखळी गावाकडे खाणीच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं राबलेला माणूस. टिपरचं चाक एकटा उभं करायचा. काम बंद झालं तसा गावी परत आला आणि शेतात लागला.

"ह्या काय रे विनू? गुरांक बांधूचो खांब?"

"व्यायामाचं आहे, भाई."

"आनी तू करतलंस?" त्यानं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "बरां. गुरांक बांधूक तरी उपेगी पडतलो."

मी अकरा दिवस व्यायाम केला. बाराव्या दिवशी पाठीत उसण भरली. त्यानंतर मशीननं घरातली इतर कामं पत्करली. वरच्या दांडीवर सुलभेच्या साड्या वाळू लागल्या, हँडलला पोदेराच्या पावांची पिशवी लटकू लागली, आणि बाकड्यावर माझ्या कचेरीतल्या फायली. चाळीस प्रकार भरत आले होते.

मग पुढच्या वैशाखात भाईला झटका आला. सकाळी आंब्याच्या झाडाखाली पडलेले आंबे गोळा करत होता. वहिनीनं हाक मारली तर त्यानं ओ दिली, पण ती ओ नेहमीची नव्हती. म्हापशाला इस्पितळात नेलं. जीव वाचला, जीभ वाचली, पाय ओढत का होईना चालू लागला. उजवा हात तेवढा राहिला. खांद्यापासून खाली तो भाईचा नव्हताच जणू. वहिनी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवायची, आणि त्या हाताकडे भाई असं बघायचा जसं कुणी आपल्या घरी उतरलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं.

घरी व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी आली. भाई तिला डॉक्टरीण बाय म्हणायचा. ती म्हणाली, कप्पीवरून दोर टाकून दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायचा व्यायाम आहे, दारावर कप्पी बसवता येईल का? आणि मग तिला हॉलच्या कोपऱ्यात साड्यांमागे लपलेलं मशीन दिसलं.

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. आपण आणलेली वस्तू वाया गेली नाही, याचा आनंद. भावाचा हात लुळा पडलाय आणि माझ्या मनात काय, तर बघा, मी म्हणत नव्हतो?

साड्या उतरल्या. तार काढून मऊ दोर आला, दोन टोकांना दोन मुठी. डाव्या मुठीत भाईचा डावा हात, उजव्या मुठीला उजवा हात वहिनीनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवायचा, कारण बोटं धरत नव्हती. डाव्यानं खाली ओढलं की उजवा वर. "पण उजव्यानं स्वतः जायचा प्रयत्न करायचा हं, काका," ती मुलगी म्हणाली. "डाव्यानं नुसती मदत. दहाच वेळा, सावकाश."

पहिल्या दिवशी तो हात हवेत वर गेला तेव्हा वहिनी रडली. मीही. दीड महिना मांडीवर पडून राहिलेला हात डोक्याच्या वर, दांडीपर्यंत. भाईचा चेहरा असा झाला की मला आमचे वडील आठवले, चांगलं पीक आलं की ते असे दिसत.

"चवथीक माटोळी मीच बांधतलंय," तो म्हणाला.

तेव्हापासून तो पावसाळा आमच्या घरात त्या एका दोराच्या आवाजानं भरून गेला. आषाढात बाहेर शेतं पाण्याखाली, पत्र्यावर सतत तडतड, आणि आत कप्पीची कुरकुर. भाई आकडे मोजत नसे. वर्कशॉपात आयुष्यभर नट मोजले, आता मोजूचे नाय, म्हणायचा. तो प्रत्येक खेपेला माटोळीतल्या एकेका वस्तूचं नाव घ्यायचा, ज्या क्रमानं ती बांधतात त्या क्रमानं. नारळ. सुपारी. केळी. तोरंजन. चिबूड. आंबाडे. निरफणस. मग रानातली, माट्टी, करमल, कवंडळ, घागऱ्या, फागलां. दहा सांगितले होते, पण माटोळी दहात कशी संपणार? तो चाळीसपर्यंत जायचा. शेवटच्या नावाला धाप लागायची आणि मग तो म्हणायचा, "झाली बांधून." दिवसातून दोनदा तो अशी अख्खी माटोळी हवेत बांधायचा. मी कचेरीत जायची तयारी करता करता ऐकायचो. त्या तीन महिन्यांत ती यादी माझ्या डोक्यात अशी बसली की साहेबांसमोर उभं राहून रजेचा अर्ज देताना तोंडातून एकदा कवंडळ निघालं.

आता जे सांगायचं ते इतका वेळ पुढं ढकलत आलो.

आठवड्याभरातच मला कळलं होतं. मी भाईच्या मागे, पावांची पिशवी दुसरीकडे अडकवायला खुंटी शोधत होतो. मागून मला त्याचे दोन्ही खांदे दिसले. डावा खांदा दगडासारखा टणक होत होता, सैल पडत होता, पुन्हा टणक. उजवा नुसता जात होता, दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखा. सगळं काम डावा हात करत होता. भाईला पुढून ते दिसत नव्हतं. त्याला फक्त आपला उजवा हात वर जाताना दिसत होता.

श्रावण लागता लागता ती मुलगी पुन्हा आली, तपासलं, आणि मला पडवीत बोलावून म्हणाली, "उजव्यात अजून काही आलेलं नाही, काका. ते फार ओढतात, खांदा सुजलाय. त्यांना समजावून सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, तुम्ही घरचे आहात."

मी हो म्हणालो.

आत आलो तर भाईनं विचारलं, "काय म्हणता डॉक्टरीण बाय?"

"सुधारणा आहे म्हणते."

खोटं ते एवढंच. एक वाक्य. साखळीला दिलेल्या बहिणीला मी फोनवर सांगितलं, हात वर जातो आता. कचेरीत सांगितलं. इतक्या जणांना सांगितलं की मागून पाहिलेलं ते मलाही खोटं वाटू लागलं.

सुलभेला मात्र काहीतरी कळलं असावं. ती एकदा म्हणाली, "अहो, भाऊजींकडून तुम्ही या वर्षी माटोळीच्या गाठी शिकून घ्या ना. असूदे की, घरात दोघांना येत असलेल्या बऱ्या."

भाईची गाठ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. नारळाची पेंड काही किलोंची असते. दिवस जातात तसं फळ सुकतं, देठ आकसतो आणि साध्या गाठीतून निसटतो. भाईची गाठ देठ आकसेल तशी आवळत जायची. सात दिवस गणपती राहिला तरी पेंड हलायची नाही. आणि विसर्जनानंतर एक टोक ओढलं की झटक्यात सगळी सुटायची, दोर सरळ हातात. आमच्या वाड्यावर दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. वडिलांनी त्याला दाखवली, त्यानं ती वीस वर्षं मारली, आणि मी वीस वर्षं खाली उभा राहून फळं वर दिली. खालून गाठ दिसत नाही, नुसती कोपरं दिसतात.

मी भाईला विचारलं. तो मशीनवर बसला होता, चिबडापर्यंत आला होता.

"तुका कशाक?" तो म्हणाला. दोर थांबला नाही. "मी आसंय मगे. आंबाडे. चवथीपर्यंत हात येतलो. निरफणस. येतलो मगे रे?"

"येतलो तर," मी म्हणालो.

तेव्हा मी खरं बोललो असतो तर तो दुखावला असता, चार दिवस जेवला नसता. पण त्याच्यापुढे अख्खा श्रावण होता. त्यानं तो मला शिकवण्यात घालवला असता. मी तो त्याला हवेत माटोळी बांधण्यात घालवू दिला. हे मी स्वतःला प्रेम म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता, एवढंच. प्रेमापेक्षा भित्रेपणा हलका असतो, मशीनच्या सगळ्यात वरच्या विटेसारखा. खीळ तिथंच घातली की वजन उचलल्यासारखं वाटतं.

तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, दुपारी माटोळी बांधतात. हॉलमध्ये फळांचे ढीग, सालीचे ओले दोर, सगळे जमलेले. भाई आंघोळ करून, नवा पंचा नेसून आला. चौकटीखाली, दरवर्षी चढायचा त्या स्टुलापाशी, उभा राहिला. मी नारळाची पेंड उचलून तयार होतो. भाईनं वर पाहिलं आणि हात उचलले.

डावा वर गेला. उजवा गेला नाही.

वर कप्पी नव्हती, दोर नव्हता. त्यानं परत केलं. डावा वर. उजवा कमरेपाशी, किंचित झुलत. वहिनी "दूध उतू जातां" म्हणत आत गेली. चुलीवर दूध नव्हतं.

भाई हातांकडे बघत राहिला. एकदा डाव्याकडे, एकदा उजव्याकडे, एखाद्या मेकॅनिकनं बिघाड शोधावा तसा. त्याला तो बराच लवकर सापडला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"विनू, तुका खबर होती?"

"काय?"

तो "काय नाय," म्हणाला.

मला वाटलं तो आत निघून जाईल. तो म्हणाला, "ता तुझा बाकडां हाड हंय."

मशीनचं बाकडं सोडवून मी चौकटीखाली आणलं. तो त्यावर चढला, मीही चढलो. संभाजीचा स्टिकर खाली, वर आम्ही दोन पन्नाशी उलटलेले भाऊ आणि नारळाची पेंड. बाकडं करकरलं. सुलभेनं देवाकडे बघून हात जोडले, ते गणपतीसाठी नव्हते.

"माका डाव्यान धर. पडान मी. उजवो हात माका दी."

मी डाव्या हातानं त्याची कंबर धरली. पंचाच्या आत हाडं लागत होती. इतका बारीक झाला होता तो, हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्याचा डावा हात आणि माझा उजवा, दोन्ही वर.

"घे, असो दोर घे. अशी न्हय रे. उलटी. आता माझ्या आंगठ्याखालसून काढ. ओढ. इतक्या जोरान न्हय. तू काय टिपर ओढतंस? हां. धर थंय."

त्याची बोटं माझ्या बोटांवरून फिरली, एक वळसा, मग मला न दिसलेलं काहीतरी, आणि गाठ बसली. पेंड लटकली. हलली नाही.

एवढंच. तो खाली उतरला, कदेलीवर बसला आणि म्हणाला, "बाकीची तू मार, तुका येतात तशी." आवाज साधा होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

बाकीच्या गाठी मी मारल्या. दुसऱ्या दिवशी आरतीच्या मध्यात चिबूड निसटला आणि घुमट वाजवणाऱ्या शेजाऱ्याच्या पाठीत पडला. आंबाडे सुटे सुटे होऊन प्रसादासारखे पडत राहिले. लोक हसले, भाईही हसला. नारळाची पेंड मात्र पाचही दिवस तशीच होती, आमच्या दोघांच्या गाठीवर.

विसर्जन करून आलो. भाई सावकाश उठला, मशीनच्या बाकड्यावर एकटा चढला, मी धावलो तर त्यानं हातानंच थांबवलं. डाव्या हातानं त्यानं टोक शोधलं आणि एक झटका दिला. गाठ सुटली. पेंड मी खाली झेलली, दोर सरळ त्याच्या हातात. त्या चवथीत त्यानं एकट्यानं केलेलं ते एकच काम. मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या.

ती गाठ दोरासकट कापून ठेवायची होती. नंतर कित्येकदा वाटलं. डब्यात घालून ठेवली असती तरी उलगडून बघता आली असती. पण टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला त्या वेळी असलं काही सुचत नाही. "आता नंतर दाखयतंय तुका, वायच बरां वाटांदी," भाई म्हणाला होता. काजूला बोंडं धरायच्या सुमाराला त्याला दुसरा झटका आला. तो गेला.

गेल्या चवथीला भाईचं वर्ष झालं नव्हतं म्हणून माटोळी बांधलीच नाही. गणपती आणला, दीड दिवसात पोचवला. छताला रिकामी चौकट होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

या वर्षी बांधायची आहे. यादी मला पाठ आहे, एकही नाव चुकत नाही. दोर अजून मशीनवर तसाच आहे, दोन मुठींचा, एका मुठीला वहिनीच्या लुगड्याची पट्टी. मी कधीतरी संध्याकाळी तिथं बसतो आणि ओढतो. नारळ, सुपारी, केळी. माझे दोन्ही हात धडधाकट आहेत, त्यामुळे कोण कुणाला उचलतंय हे मला समजत नाही. फागल्यांपर्यंत येईतो पाठ दुखते. हाच काय तो माझा व्यायाम. साखर थोडी उतरलीय.

आज दुपारी मी बाकडं चौकटीखाली ओढलं, भिजलेल्या सालीचा एक दोर घेतला आणि एक जुना नारळ. वहिनी दारात उभी होती. सुलभेनं बाकडं धरलं.

"अहो, मशीनच्या त्या कड्या आहेत ना, चाप असलेल्या? त्या लावा. कशाला गाठी?"

मी वर हात केले. उजवा हात आपोआप गेला. दोर असा घेतला, उलटा, आंगठा नव्हता तिथल्या आंगठ्याखालून काढला, ओढला, फार जोरानं नाही. मग उजवा थांबला. पुढचं त्याच्याकडे नव्हतं. ते भाईच्या डाव्या हाताकडे होतं.

माझा डावा हात वर गेला होता खरा, पण तिथं त्याला काही आठवेना. मग तो हळूहळू खाली आला आणि कमरेच्या उंचीवर, रिकाम्या जागेभोवती, वाकून राहिला. त्याला तेवढंच शिकवलेलं होतं.